लिंबाची पाने कोण खाते?

(परसबाग गट, इयत्ता चौथी)



आपल्या शाळेच्या परसबागेत कागदी लिंबाची सहा झाडे आहेत. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात ती लावली. आता ती माझ्या कमरेएवढी झाली आहेत. झाडे फळावर आली की खिचडीवर पिळायला लिंबू बाजारातून आणावे लागणार नाही, असे बाई म्हणतात. लिंबातून क जीवनसत्त्व मिळते. ते हिरड्यांना चांगले असते आणि अन्नातले लोह अंगी लागायला मदत करते. म्हणून ही झाडे आपल्या सगळ्यांची आहेत.

यंदा जुलै महिन्यात झाडांना नवी पालवी आली. पाने कोवळी, पोपटी आणि चकचकीत होती. पण आठ दिवसांत हौदाजवळच्या झाडाची पाने गायब झाली. नुसते काटे आणि काड्या राहिल्या. कोणी म्हणाले, बकरीने खाल्ली. पण कुंपणाला कुठेच भोक नव्हते. शिवाय बकरी शेंड्यासकट ओरबाडते. इथे काड्या जागच्या जागी होत्या आणि काही पानांच्या मधल्या शिरा तशाच उभ्या होत्या. म्हणजे खाणारा लहान तोंडाचा होता.

बाईंनी आमच्या गटाला काम दिले. त्या म्हणाल्या, "चोर शोधा, पण आधी बघा आणि मोजा. मग काय करायचे ते ठरवू." आम्ही काय पाहिले, काय केले आणि तुम्हांला घरी काय करता येईल, ते या लेखात लिहिले आहे.

१. चोराची ओळख

पहिल्या दिवशी आम्हांला काहीच सापडले नाही. पानांवर चिमणीची शीट पडलेली दिसली, एवढेच. दुसऱ्या दिवशी त्यातली एक शीट जागची हलली! जवळ जाऊन पाहिले तर ती अळी होती. रंग तपकिरी-काळा आणि मध्ये पांढरा पट्टा. शीट समजून पक्षी तिला खात नाहीत, म्हणून तिचा रंग तसा असतो.

मग मोठ्या अळ्याही सापडल्या. त्या पानासारख्या हिरव्या असतात. पूर्ण वाढलेली अळी सुमारे चार सेंटीमीटर, म्हणजे माझ्या करंगळीएवढी असते. ती पानाच्या शिरेवर गप्प बसली तर डोळ्यांसमोर असून दिसत नाही. तिला काडीने हळूच डिवचले तर डोक्यामागून दोन फाट्यांचे नारिंगी शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. बघणाऱ्या पोरी ओरडून मागे सरल्या. पण ते शिंग टोचत नाही. शत्रूला पळवून लावायला ते असते. थोड्या वेळाने शिंग पुन्हा आत जाते.

ही अळी म्हणजे लिंबावरील फुलपाखराची अळी. काळ्या पंखांवर पिवळे ठिपके असलेले मोठे फुलपाखरू आपल्या बागेत नेहमी दिसते, तीच तिची आई. १७५८ साली कार्ल लिनियस या शास्त्रज्ञाने या फुलपाखराला पॅपिलिओ डेमोलिअस हे शास्त्रीय नाव दिले. ही अळी लिंबू, संत्रा, मोसंबी यांची पाने खाते. कढीपत्ता आणि बेल यांच्यावरही ती आढळते, कारण ही सगळी झाडे एकाच कुळातली आहेत. त्यांची पाने चुरगळून वास घ्या, म्हणजे पटेल.

२. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत

आम्ही एक अंडे पानासकट काचेच्या बरणीत ठेवले. वर पातळ फडके बांधले. रोज ताजी कोवळी पाने घातली आणि घाण काढून टाकली. वहीत रोज नोंद केली. ती अशी :

पहिला दिवस : अंडे पिवळसर पांढरे, गोल, मोहरीच्या दाण्याएवढे. फुलपाखरू अंडी एकेक सुटी घालते, तीसुद्धा कोवळ्या पानावर किंवा शेंड्यावर.

चौथा दिवस : अंडे फुटून बारीक अळी बाहेर आली. तिने आधी आपले टरफलच खाल्ले.

पाचवा ते तेरावा दिवस : अळी शिटेसारखी दिसत होती. वाढताना तिने कात टाकली. अळी मोठी होईपर्यंत चार वेळा कात टाकते.

चौदावा दिवस : कात टाकून अळी एकदम हिरवी झाली. आता तिचा खाण्याचा सपाटा सुरू झाला. सकाळी घातलेली पाने मधल्या सुटीपर्यंत संपू लागली.

अठरावा दिवस : खाणे थांबले. अळीने शेपटीचे टोक काडीला चिकटवले आणि कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधला. माडावर चढणारा माणूस कमरेला दोर बांधतो, तशी ती दिसत होती.

एकोणिसावा दिवस : कोश तयार. हिरव्या काडीवर कोश हिरवा असतो, वाळक्या काडीवर तपकिरी होतो.

अठ्ठाविसावा दिवस : सकाळी प्रार्थनेच्या आधी कोश फुटला. ओले, चुरगळलेले पंख घेऊन फुलपाखरू बाहेर आले. पंख वाळल्यावर आम्ही फडके सोडले. ते शाळेच्या कौलांवरून उडून गेले.

हवा थंड असली तर यापेक्षा जास्त दिवस लागतात.

या नोंदीतून आम्हांला एक गोष्ट कळली. अळी जन्मभर जेवढे खाते त्यातले बहुतेक शेवटच्या चार-पाच दिवसांत खाते. म्हणजे अंडी आणि लहान अळ्या वेळेवर काढल्या तर पाने वाचतात. हिरवी अळी दिसेपर्यंत वाट पाहिली तर उशीर होतो.

३. नुकसान कधी होते?

पान हे झाडाचे स्वयंपाकघर आहे, हे आपण परिसर अभ्यासात शिकलो. लहान झाडाला पाने मोजकी असतात. आमच्या सर्वांत लहान झाडाला ६३ पाने होती. तिथे चार हिरव्या अळ्या बसल्या तर आठवड्यात झाड बोडके होते आणि त्याची वाढ खुंटते.

पण माझ्या घरामागे बारा वर्षांचे लिंबाचे झाड आहे. त्याला आजी निंबू म्हणते. त्याची पाने मोजायला बसलो तर शाळा बुडेल. त्यावर पंधरा अळ्या असल्या तरी झाडाला कळतसुद्धा नाही. म्हणून अळी दिसली की लगेच धावू नये. आधी झाड किती मोठे आहे ते बघावे.

पानाला काही झाले की तीच अळी, असेही नसते. पानावर चांदीसारखी चकचकीत नागमोडी रेघ दिसली तर ती नागअळी. ती इतकी लहान असते की पानाच्या आतच राहते आणि आतून पोखरते. शेंड्याची पाने गोळा झाली असतील आणि मुंग्यांची रांग लागली असेल तर बहुधा मावा असतो. तो रस शोषतो. पान कडेपासून कुरतडलेले दिसले तरच आपली अळी शोधावी.

४. औषध की विष?

ही गोष्ट मी घरी सांगितली. बाबा म्हणाले, "त्यात काय एवढं? पऱ्हाटीचं औषध उरलं हाये. सांजच्याले येतो न् दोन शिंतोडे मारून देतो. सकाळी एक अळी दिसनार नाही."

आजी चुलीपुढून म्हणाली, "नोको रे बाप्पा! तिथं लेकरं हात लावतात. हात न धुता तोंडात घालतात."

आजीचे म्हणणे खरे आहे. पहिलीची मुले लिंबाचे पान तोडून चुरगळतात आणि वास घेतात. हात धुवायचा हौदही झाडांना लागूनच आहे.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारले. बाईंनी फळ्यावर पतंगासारखा चौकोन काढला. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर असा चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे सर्वांत जास्त विषारी. त्यानंतर पिवळा, मग निळा. हिरवा म्हणजे त्या मानाने कमी विषारी. पण हिरवा असला म्हणजे ते सरबत नव्हे, असे बाई म्हणाल्या. ते कोणत्या पिकावर मारायचे, किती पाण्यात मिसळायचे आणि फवारल्यावर किती दिवस फळ तोडायचे नाही, हे सगळे चिठ्ठीवर छापलेले असते.

मी घरी येऊन बाबांना चिठ्ठी वाचायला लावली. खालचा रंग पिवळा होता. पिकांच्या यादीत कापूस होता. लिंबाचे नाव कुठेच नव्हते.

मग बाबा थोडा वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी २०१७ सालची हकिकत सांगितली. तेव्हा मी अगदी लहान होते. त्या वर्षी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. फवारताना औषधाचे तुषार तोंडावर, डोळ्यांत आणि अंगावर येत. काही जणांनी दोन-तीन औषधे एकत्र करून मारली. जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने मेले. शेकडो लोकांना दवाखान्यात भरती करावे लागले. बाबा म्हणाले, "त्या साली मीही फवारत होतो. दोन दिवस डोळे उघडले नव्हते."

हे मला माहीत नव्हते. आपण त्याला रोज औषध म्हणतो. औषधाने माणूस बरा होतो. याने अळी मरते आणि चूक झाली तर माणूसही मरतो. म्हणून आमच्या गटाने ठरवले आहे की त्याला औषध न म्हणता विष म्हणायचे. शेतात मोठ्या माणसांना ते कधी वापरावे लागते, ते त्यांनी बघावे. पण अंगणातल्या आणि शाळेतल्या झाडावर शेतातले विष नको. बाबांनी ती बाटली आता कुलपाच्या पेटीत ठेवली आहे.

५. आम्ही काय केले?

पहिला उपाय हात. सहा झाडे, बारा मुले. दोघांना एक झाड. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी दहा मिनिटे. पानाची वरची बाजू, खालची बाजू आणि शेंडा बघायचा. अंडी असलेले पान असेल तर अंडे नखाने अलगद काढायचे. अळी असेल तर पानासकट उचलायची. लिंबाला काटे असतात म्हणून डावा हात पाठीमागे ठेवायचा आणि उजव्या हातात काडी धरायची. काम झाले की हात साबणाने धुवायचे.

पहिल्या दिवशी सहा झाडांवर मिळून अंडी आणि अळ्या ४१ भरल्या. आठव्या दिवशी १७. पंधराव्या दिवशी फक्त ३. काही खर्च आला नाही.

दुसरा उपाय पालवीवर लक्ष. फुलपाखरू कोवळ्या पानावर अंडी घालते, म्हणून नवी पालवी येते तेव्हाच जास्त बघावे लागते. पाने जून झाली की आठवड्यातून एकदा पाहिले तरी चालते.

तिसरा उपाय निंबोळी अर्क. हौदाजवळच्या दोन झाडांवर अळ्या जास्त होत्या. त्यांच्यावर बाईंनी तो फवारला.

६. निंबोळी अर्क कसा करावा?

दहा लिटर अर्कासाठी वाळलेल्या निंबोळ्यांचा अर्धा किलो गर घ्यावा. तो जाडसर कुटावा. फडक्यात पुरचुंडी बांधून पाच लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवावी. सकाळी पुरचुंडी चांगली पिळावी. पाणी दुधासारखे पांढरट होते. ते गाळून घ्यावे आणि त्यात आणखी पाणी घालून एकूण दहा लिटर करावे. अर्क पानाला चिकटावा म्हणून त्यात वीस ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा. याला पाच टक्के निंबोळी अर्क म्हणतात.

आम्हांला फक्त दोन लिटर हवा होता. म्हणून शंभर ग्रॅम गर आणि चार ग्रॅम साबण घेतला. हे गणित आम्ही वर्गातच सोडवले.

अर्क केला त्याच दिवशी वापरावा. तो संध्याकाळी फवारावा, कारण उन्हाने त्याची शक्ती कमी होते. संध्याकाळी मधमाश्याही घरी गेलेल्या असतात. पाऊस येण्याचे चिन्ह असेल तर फवारू नये, धुऊन जातो. शेतात विष मारलेला पंप यासाठी घेऊ नये. तो धुतला तरी आत विष राहू शकते. फवारणी मोठ्या माणसांनी करावी. मुलांनी निंबोळ्या गोळा कराव्यात.

निंबोळीत अझाडिरेक्टिन नावाचा पदार्थ असतो. त्याने अळीचे खाणे कमी होते आणि तिला नीट कात टाकता येत नाही. त्यामुळे अळी लगेच मरत नाही. पहिल्या दिवशी ती जिवंत दिसली म्हणून अर्क वाया गेला असे समजू नये. तीन-चार दिवस थांबून बघावे.

कडुनिंबाची फळे लिंबाच्या कामी आली. आजी म्हणते, "नावातच निंब हाये, भाऊबंदकी हाये." पण ही दोन झाडे वेगवेगळ्या कुळांतली आहेत, असे बाईंनी सांगितले. आजीला ते मान्य नाही.

७. आपले मदतनीस

झाडावर दिसला किडा की मार, असे करू नये. काही किडे आपल्या बाजूचे असतात. कोळी आणि प्रार्थना कीटक लहान अळ्या पकडून खातात. ट्रायकोग्रामा नावाची अगदी बारीक गांधीलमाशी फुलपाखराच्या अंड्यात आपले अंडे घालते. मग त्यातून अळी निघतच नाही. असे अंडे काळे पडते. बुलबुल आणि साळुंकी पिलांना भरवायला अळ्या नेतात. विष मारले तर हे मदतनीसही मरतात आणि पुढच्या पालवीला अळ्यांना मोकळे रान मिळते.

८. सगळ्या अळ्या मारायच्या का?

यावर आमच्या गटात भांडण झाले. झाडावरून काढलेल्या अळ्या साबणाच्या पाण्यात टाकायच्या असे ठरले होते. पण बरणीतले फुलपाखरू उडताना पाहिल्यावर माझी मैत्रीण म्हणाली, "मी नाही टाकणार." दुसरा म्हणाला, "मग झाड मरू दे का?"

दोघांचेही थोडे थोडे खरे होते. महाराष्ट्राने २०१५ साली ब्ल्यू मॉर्मन, म्हणजे राणी पाकोळी, हे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केले. राज्य फुलपाखरू ठरवणारे आपले राज्य देशात पहिले. त्या राणी पाकोळीची अळीही लिंबाच्या कुळातल्या झाडांची पाने खाते. ते फुलपाखरू सह्याद्रीत आणि कोकणात दिसते. मी अजून पाहिलेले नाही. पण अळी नको आणि फुलपाखरू हवे, असे होत नाही, एवढे मला कळले.

शेवटी मी आजीला विचारले. आजी म्हणाली, "आपल्या निंबूवर आणून सोडा. तो मोठा हाये, त्याले काय होते?" तेव्हापासून शाळेतल्या अळ्या आम्ही डब्यात घालून घरामागच्या मोठ्या झाडावर सोडतो. तिथे बुलबुलही येतात. काही अळ्या ते खातात, काहींची फुलपाखरे होतात. ते त्यांचे ते बघतात.

९. झाडांची आजची स्थिती

पाच झाडे हिरवीगार आहेत. हौदाजवळचे बोडके झालेले झाड उपटून टाकायचे असे काही जण म्हणत होते. पण त्याची साल नखाने थोडी खरवडून पाहिली तर आत हिरवे होते. म्हणून ठेवले. बुडाशी शेणखत घातले. तीन आठवड्यांनी त्याला ११ नवीन पाने आली. ती पाने आम्ही रोज मोजतो.

१०. पालकांना विनंती

घरी लिंबाचे, संत्र्याचे किंवा कढीपत्त्याचे झाड असेल तर आधी पान उलटून बघा. लहान झाड असेल तर आम्हांला सांगा, आम्ही हाताने अळ्या वेचू. मोठे झाड असेल तर राहू द्या. विषाची बाटली स्वयंपाकघरात, देवळीत किंवा पलंगाखाली ठेवू नका. रिकाम्या बाटलीत पाणी किंवा तेल भरू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चिठ्ठी आम्ही वाचून दाखवू. चौथीच्या कोणत्याही मुलाला हाक मारा.

स्वाध्याय

१) शिटेसारखी दिसणारी अळी हिरवी केव्हा होते?
२) दोन लिटर अर्काला शंभर ग्रॅम गर लागतो, तर पाच लिटर अर्काला किती लागेल?
३) चौकोनातील चार रंग विषाच्या क्रमाने सांगा.
४) खालील कोडे सोडवा :

लहानपणी शीट झाले, मोठेपणी पान,
डिवचाल तर शिंग दावीन, नाही मला कान.
दोर बांधून निजून जाते, खात नाही काही,
उठल्यावर उडून जाते, ओळखा पाहू बाई!

(उत्तर परसबागेत जाऊन शोधावे. लिंबाच्या काट्यांपासून जपावे.)